सुया घ्या, पण गोळी सोडू नका



या आठवड्यात कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते यावर लिहायचं ठरवलं होतं. तशी सात-आठ पत्रं येऊन पडली आहेत. पण परवा सोलापूर जिल्ह्यातल्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं, आणि लोणचं बाजूला ठेवावं लागलं. लोणचं पुढच्या आठवड्यात.

या ताईंचं वय चौपन्न. दीड वर्षापूर्वी एका सकाळी दात घासताना डाव्या गालात अशी कळ आली, की हातातला ब्रश गळून पडला. वीज लागावी तशी. क्षणात आली, क्षणात गेली. मग दिवसातून दोनदा, मग वीस वेळा. गालावरून पदर सरकला तरी कळ, पंख्याचा वारा लागला तरी कळ, पोळीचा घास चावला तरी कळ. शेवटी नसांच्या डॉक्टरांनी, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टनी, एम.आर.आय. काढून निदान केलं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. कार्बामाझेपिनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्याच शब्दांत, “रुपयात बारा आणे आराम पडला, पण दिवसभर डोळ्यांवर झापड असते. परवा गॅसवरचं वरण जळून कोळसा झालं आणि मी समोर उभी होते.”

म्हणून बहिणीच्या सांगण्यावरून त्यांनी ॲक्युपंक्चर सुरू केलं. चार वेळा सुया टोचून झाल्या, बरं वाटतंय. पण सुया देणारे म्हणाले, “गोळ्या बंद केल्याशिवाय सुयांचा पुरता गुण यायचा नाही.” मिस्टर म्हणतात, सुया म्हणजे थोतांड, बंद कर. बहीण म्हणते, गोळ्या म्हणजे विष, बंद कर. आणि वैशाखात लेकीचं लग्न आहे. “मी कोणाचं ऐकू?” असं त्यांनी विचारलंय. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक प्रश्न आहे. तो मी शेवटी घेते.

ताई, आधी उत्तर सांगते, कारण तुम्ही हे वाचताना गोळीची पट्टी हातात घेऊन बसला असाल. गोळ्या बंद करू नका. सुयांनी बरं वाटत असेल तर त्याही बंद करू नका. दोन्ही एकमेकींच्या बरोबरीनं चालू शकतात. पण सुया घेतल्या म्हणून गोळी टाकायची, हे मात्र नाही. हे मी ठणकावून सांगते, कारण आमच्या घरात हे एकदा होऊन गेलंय. मी काही डॉक्टर नव्हे. पण आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या उशाशी बसून जे पाहिलं, आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते सांगते.

जाऊबाई मिरजेला असतात. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा! तरी त्यांचं दुखणं कळायला चौदा महिने लागले. कळ उजव्या बाजूच्या खालच्या जबड्यात येई, म्हणून त्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी दाढ काढली. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा कळ. शेजारची दाढ काढली. पुन्हा कळ. तिसऱ्या दाढेचं रूट कॅनाल झालं. दोन चांगल्या दाढा गेल्या आणि कळ होती तिथेच. त्या डॉक्टरांना मी वाईट म्हणत नाही. जाऊबाईच हट्ट धरत होत्या, “काढून टाका एकदाची.” या आजारात दाढा अशाच जातात, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तेव्हा हे नीट लक्षात ठेवा. दाढ किडली असेल तर ठणका तासन् तास राहतो, गरम-थंड लागतं, हिरडी सुजते, रात्री झोप येत नाही. या नसेच्या दुखण्यात कळ काही सेकंदांची असते, फार तर दोन मिनिटांची. मध्ये काहीच नाही, माणूस अगदी ठणठणीत. चेहऱ्याच्या एकाच बाजूला येते. झोपेत सहसा येत नाही. आणि हलक्या स्पर्शानं येते. गंमत पाहा, गाल जोरात दाबला तर एखादे वेळी काही होत नाही, पण केसाची बट लागली की संपलं. डोकेदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. अशी लक्षणं असली तर दाढ काढायच्या आधी एकदा नसांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, चेहऱ्यावर सूज नाही, लाली नाही, ताप नाही. म्हणजे बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. जाऊबाई जेवता जेवता घास हातात धरून डोळे मिटून बसायच्या, तेव्हा आमच्या सासूबाई म्हणायच्या, “हिचं आपलं काहीतरी नवीन.” सासूबाई मनानं वाईट नव्हत्या हो. पण न दिसणाऱ्या दुखण्यावर कोण विश्वास ठेवणार! वैद्यकात मात्र या दुखण्याची जुनी ओळख आहे. लंडनच्या जॉन फॉदरगिल या डॉक्टरांनी १७७३ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. आपल्याकडे सुश्रुतानं शिरोरोगांत सांगितलेला ‘अनंतवात’ म्हणजे हाच असावा, असं आजचे वैद्य मानतात.

आता ही नस कोणती? मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत, त्यांतली ही पाचवी. तिला तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, एक गाल आणि वरच्या जबड्याकडे, एक खालच्या जबड्याकडे. बहुतेकींच्या बाबतीत होतं असं, की नस मेंदूतून बाहेर पडते तिथे एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते. ती ठोक्याठोक्याला घासते. विजेच्या वायरवरचं प्लास्टिक झिजलं की ठिणगी उडते ना, तसं नसेवरचं आवरण झिजतं आणि साध्या स्पर्शाचीही ठिणगी होते. पन्नाशीनंतर हे जास्त आढळतं, आणि पुरुषांपेक्षा आपल्या बायकांत जास्त. एम.आर.आय. काढायचा तो यासाठी, की क्वचित एखादी गाठ किंवा नसांचा दुसरा आजार मागे दडलेला असतो. कोणी वयानं लहान असेल, कळ दोन्ही बाजूंना येत असेल, गाल बधिर वाटत असेल किंवा त्या बाजूनं ऐकू कमी येत असेल, तर तपासणी मुळीच टाळू नका. सुयांनी गाठ जात नाही.

गोळीबद्दल आपल्या बायकांत फार गैरसमज आहेत, म्हणून तिची गोष्ट जरा सविस्तर सांगते. कार्बामाझेपिन हे औषध १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गायगी कंपनीतल्या वाल्टर शिंडलर यांनी तयार केलं. १९६२ मध्ये ब्लोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी ते चेहऱ्याच्या या कळांवर चालतं असं दाखवून दिलं. साठ वर्षं उलटून गेली, तरी आजही पहिली गोळी म्हणून हीच देतात. ती फिट्सच्या आजारालाही देतात. आणि इथेच घोळ होतो. जाऊबाईंच्या शेजारणीनं गोळीबरोबरचा कागद वाचला आणि चार घरी सांगत सुटली, “त्यांना फिट येतात, पण लपवून ठेवलंय.” जाऊबाईंच्या मुलाचं लग्न जमवायचं चाललं होतं तेव्हा! अहो, फिटमध्ये मेंदूत जशी ठिणगी उडते तशी इथे नसेत उडते, गोळी ती दाबून ठेवते, एवढंच. तुमच्या कोणी कागद वाचला तर त्यालाही हेच सांगा.

गोळी सुरू करताना थोडी देतात, साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, आणि हळूहळू वाढवतात. ताई, तुमची झापड यातूनच आलेली आहे. चक्कर, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं हे सगळं डोस जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं. ते डॉक्टरांना सांगायचं. “सहन करायला पाहिजे,” म्हणून गप्प बसायचं नाही. डोस कमी करता येतो, वेळा बदलता येतात, दुसरी गोळीही देता येते. दुसरं असं, की हिच्यामुळे रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, कमी होऊ शकतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखीच. माणूस गळून जातो, मळमळतं, बोलणं असंबद्ध होतं. घरची माणसं म्हणतात, वय झालं. म्हणून सुरुवातीला आणि नंतर अधूनमधून रक्त तपासून घ्यावं. सोडियम, पांढऱ्या पेशी आणि लिव्हर, असं तिन्ही.

आणि एका प्रसंगी मात्र गोळी लगेच थांबवून थेट हॉस्पिटल गाठायचं. अंगावर पुरळ उठलं, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, बरोबर ताप आला तर. बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं. अगदी क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. आशियाई लोकांपैकी काहींच्या रक्तातच त्याचा धोका असतो, आणि गोळी सुरू करण्यापूर्वी त्याची तपासणी करता येते.

ज्या तरुण मैत्रिणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी: ही गोळी चालू असताना पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही. आणि दिवस राहिलेले असताना ही गोळी बाळाला अपाय करू शकते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा. लाजायचं कारण नाही.

आता सुयांकडे वळू. तुम्ही सोलापूरकडच्या, म्हणून डॉ. द्वारकानाथ कोटनीस हे नाव तुम्हाला सांगायला नको. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये भारतातून पाच डॉक्टर मदतीला गेले, त्यांतले हे सोलापूरचे. तिथेच त्यांनी लग्न केलं, तिथेच १९४२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. शांतारामबापूंचा सिनेमा आपल्या आईच्या पिढीनं पाहिलेला. सुयांचं नातं मात्र त्यांच्या सोबत्याशी आहे. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ती भारतात आणली. कोटनीस स्वतः शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते आणि बसूही आपल्याकडच्याच वैद्यकाचे पदवीधर. म्हणजे आपल्या देशात सुया आल्या त्या औषधं देणाऱ्या डॉक्टरच्या हातून. गोळ्यांशी वैर धरून नव्हे.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. १९७१ च्या जुलैमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्यावर त्यांनी लेख लिहिला आणि साऱ्या पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरचा बोलबाला झाला. पुढे लोक सांगू लागले, की भूल न देता नुसत्या सुयांवर पोट फाडलं. तसं काही नव्हतं! ऑपरेशन नेहमीचं भुलीचं औषध टोचूनच झालं होतं. नंतर पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं, तेव्हा कोपराला आणि गुडघ्याखाली सुया लावल्या आणि त्यांना आराम पडला. आधी औषध, मग जोडीला सुया. मूळ गोष्ट एवढीच आहे. पण तिखटमीठ लावलेलीच लोकांच्या लक्षात राहते.

सुयांनी होतं काय? केसासारख्या बारीक सुया असतात. इंजेक्शनसारखं दुखत नाही, सुई टोचली की आत जडपणा किंवा झिणझिण्या वाटतात. चेहऱ्याच्या दुखण्यासाठी कानापुढे, गालाच्या हाडाखाली, भुवईपाशी अशा जागा असतात, आणि एक हमखास जागा हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात. जाऊबाईंची कळ जोरात होती तेव्हा त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दुखऱ्या गालाला हातही लावला नाही. हात, पाय आणि चांगली बाजू, एवढ्यावरच काम चालवलं. मला ते शहाणपणाचं वाटलं. वीस-पंचवीस मिनिटं सुया ठेवायच्या, आठवड्यातून दोन-तीनदा. १९७० च्या दशकात टोरांटोच्या ब्रूस पॉमेरान्झ यांनी प्रयोग करून असं दाखवलं, की सुयांमुळे शरीरात वेदना शमवणारी आपलीच द्रव्यं, एंडॉर्फिनं, सुटतात.

मग उपयोग होतो की नाही? खरं सांगायचं तर, ठामपणे ‘हो’ म्हणावं एवढा पुरावा नाही. चीनमध्ये गोळी आणि सुया एकत्र देऊन बरेच प्रयोग झालेले आहेत. नुसत्या गोळीपेक्षा दोन्ही मिळून आराम जास्त, असं पुष्कळांत दिसलं. पण ते प्रयोग लहान, आणि कोणाला सुया दिल्या हे सगळ्यांना ठाऊक. इतर दुखण्यांत खऱ्या सुया आणि नावापुरत्या टोचलेल्या सुया यांची तुलना केली, तेव्हा फरक थोडाच निघाला. शिवाय हा आजार असा लबाड, की मधेच महिनोन् महिने आपला आपण गप्प बसतो. त्या वेळी जी काही चिकित्सा चालू असेल तिला श्रेय मिळतं! म्हणून मी म्हणते, ताई, सुयांनी आराम वाटतोय ना, मग आनंदानं घ्या. योग्य हातून घेतल्या तर धोका फार थोडा. पण त्या आरामाच्या भरवशावर गोळी सोडायची नाही.

जाऊबाईंनी तेच केलं. सहा वेळा सुया झाल्यावर त्यांची कळ जवळजवळ थांबली. घरात कोणाला न सांगता त्यांनी गोळ्या डब्याच्या मागे सरकवून दिल्या. कोणीतरी सांगितलं होतं, किडनीवर परिणाम होतो म्हणून. पहिले दोन दिवस काही झालं नाही. झापड गेली, डोकं हलकं झालं, त्यांना वाटलं, सुटले. चौथ्या दिवशी घरी हळदीकुंकू होतं. येणाऱ्या बाईला अत्तर लावायला त्यांनी हात पुढे केला, तिनं उलट प्रेमानं यांच्या गालाला हात लावला, आणि जाऊबाई जागच्या जागी खाली बसल्या. त्या संध्याकाळपासून मिनिटामिनिटाला कळ. बोलता येईना, पाणी गिळता येईना, थुंकीही गिळता येईना. दोन दिवस पोटात काही नाही. तिसऱ्या दिवशी ॲडमिट करून सलाइन लावावं लागलं, शिरेतून औषध द्यावं लागलं. मी रात्री त्यांच्याजवळ होते. पाटीवर मुलं लिहितात तशा त्या वहीवर मला लिहून दाखवत होत्या: “पंखा बंद.” थोड्या वेळानं: “मुलाला सांगू नको.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “सुया घेत होतात, मला का नाही सांगितलं?” सुयांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं, की यांनी गोळी सोडली. दोघांचाही दोष नाही. दोघांमध्ये जी बाई होती तिनं दोघांपासून लपवलं. का लपवलं? रागावतील म्हणून. आपण बायका डॉक्टरला घाबरतो, नवऱ्याला घाबरतो, आणि दुखणं अंगावर काढतो.

मग रीतसर झालं. गोळी पुन्हा थोड्यापासून वाढवली. सुया चालू राहिल्या. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी नेऊन दिली. चार महिने कळ अगदी तुरळक आल्यावर नसांच्या डॉक्टरांनी स्वतःच गोळी कमी करायला घेतली. एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबून. दिवसाला ८०० मिलिग्रॅमवरून आज त्या ४०० वर आहेत. झापड गेली. सुया आता महिन्यातून दोनदा. हा गुण सुयांचा की आजारानं आपणच विश्रांती घेतली, ते देव जाणे. जाऊबाई मात्र सुयांनाच श्रेय देतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

तर ताई, तुमच्या सुया देणाऱ्यांना स्पष्ट सांगा, “गोळीचं मी ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारीन.” यावर ते रागावले तर दुसरे शोधा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी करणारी महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. तिची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. भाजी घेताना आपण वांगं चार वेळा उलटंपालटं करून बघतो! सुई दर वेळी नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडलेली हवी, नाहीतर काविळीसारखे आजार घरी याल घेऊन. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, दिवस राहिले असतील किंवा पेसमेकर असेल, तर सुई लावण्यापूर्वी सांगा. कारण कधी कधी सुयांना विजेचा हलका प्रवाह जोडतात. दहा-बारा वेळा सुया घेऊनही काही फरक नसला तर पैसे घालवू नका.

एक वही करा. नाहीतर भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहिलं तरी चालेल. किती कळा आल्या, गोळी किती वाजता घेतली, सुया कोणत्या दिवशी, झापड किती. जाऊबाईंच्या डॉक्टरांनी त्या कॅलेंडरचे फोटो काढून घेतले आणि त्यावरून डोस ठरवला. तोंडी सांगताना आपण एकतर रडतो, नाहीतर “तसं बरं आहे” म्हणतो.

घरात थोडी व्यवस्था लावून घ्यावी. जेवण आणि दात घासणं गोळी घेतल्यावर तास-दीड तासानं, तिचा अंमल असताना. ब्रश मऊ, पाणी कोमट. फार वाईट दिवस असेल तर नुसती चूळ भरा. चेहरा पाण्याचा हबका मारून धुवायचा नाही, ओल्या मऊ कापडानं टिपायचा, आणि तोही दुसऱ्या बाजूकडून सुरुवात करून. पलंग पंख्याच्या झोतातून सरकवा, एस.टी.त खिडकीशी बसू नका, बसलात तर मऊ सुती स्कार्फ गुंडाळा. खरखरीत लोकर नको. जेवणात मऊ खिचडी, ताकभात, मुगाचं वरण कालवून, नाचणीची आंबील, दुधात भिजवलेली पोळी. पण नुसत्या पेजेवर महिनोन् महिने राहू नका, ताकद जाते. सोसेल तेव्हा अंडं, मऊ उसळ, पनीर कुस्करून खा. आणि एक महत्त्वाचं: चावता येत नाही म्हणून काही जणी गोळी खलबत्त्यात कुटून घेतात. तुमची गोळी हळूहळू विरघळणारी असेल तर ती कुटायची नाही, सगळं औषध एकदम अंगात येतं. केमिस्टला विचारून घ्या.

गोळी आणि सुया दोन्हींनी भागलं नाही तरी रस्ता संपत नाही. नसेला टेकलेली रक्तवाहिनी बाजूला करून मध्ये टेफ्लॉनची छोटी गादी ठेवायची, अशी शस्त्रक्रिया आहे. अमेरिकेत पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात ती पुढे आणली. डोक्याचं ऑपरेशन म्हणून आपण दचकतो, पण योग्य व्यक्तीला तिचा चांगला उपयोग होतो. डॉक्टरांनी नाव काढलं तर निदान ऐकून घ्या. मिस्टरांनाही बरोबर न्या. त्यांना सुया थोतांड वाटतात ना, मग त्यांचं म्हणणं डॉक्टरांसमोरच मांडू दे.

आता तो बारीक अक्षरातला प्रश्न. “लेकीच्या लग्नात मला नथ घालता येईल का? विहीणबाई काय म्हणतील?” ताई, हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डाव्या गालाचं दुखणं आणि नथही डावीकडे. तिचे मोती हलले की वरच्या ओठाला लागणार, आणि तिथेच तुमची कळ. दाबाची नथ तर नकोच. मी असं करीन: डॉक्टरांना लग्नाची तारीख आताच सांगून ठेवीन, म्हणजे ते डोस त्या हिशेबानं ठेवतील. लग्नाच्या आठवड्यात कमी-जास्त काही करणार नाही. आदल्या आठवड्यात घरी एकदा, गोळी घेतल्यावर तासाभरानं, लहानशी हलकी नथ दहा मिनिटं घालून बघीन. जमलं तर फोटोपुरती घालीन आणि लगेच काढून ठेवीन. नाही जमलं तर नाही. जाऊबाईंनी मुलाच्या लग्नात नथ घातली नाही. हातात चार बांगड्या जास्त घातल्या, अंबाडा मोठा घातला, आणि गालाला हळद लावायला आलेल्या सगळ्या बायकांना मी आधीच दारात सांगून ठेवलं होतं, “हळद हाताला लावा हं, गालाला नको.” एकीनंही का म्हणून विचारलं नाही. तुमच्याकडे हे दारात उभं राहून सांगायला बहीण आहेच. तिला गोळ्यांवर बोलण्याऐवजी हे काम द्या.

लग्न झालं की पत्र पाठवा, कॅलेंडरात किती खुणा झाल्या तेही लिहा. बाकीच्या मैत्रिणींनी लोणच्यासाठी एक आठवडा धीर धरावा. तोवर बरणीत ओला चमचा घालू नका.